लातूर टू कोकण, व्हाया पाऊस

पावसाळ्यात समुद्रकिनारी निघालात? मग बॅग भरताना गोव्याचे फोटो बघू नका. आम्ही बघितले आणि पहिल्याच दिवशी सपशेल नापास झालो!

सांगा बघू, आमच्या बॅगेत सगळ्यात शेवटी काय गेलं असेल? पाच लिटर पाण्याची कॅन!

जुलैचा दुसरा आठवडा. लातूरच्या आमच्या घरी पलंगावर दोन सॅक उघड्या पडल्या होत्या. मी पुण्याहून रात्रीच्या बसनं आले होते आणि नांदेडची मैत्रीण स्वतःची गाडी घेऊन निघाली होती. ती हिंजवडीत आयटीवाली, दोन महिने आधी रजा टाकून बसलेली. मी फ्रीलान्सर, मला रजा देणार कोण आणि नाकारणार कोण! प्लॅन एकदम सिंपल होता. नांदेडहून लातूर, लातूरहून रत्नागिरी. चार दिवस समुद्र, पाऊस आणि कांदाभजी. बस्स.

आणि आयत्या वेळी दारात उभी राहून आई म्हणाली, 'मी पण येते. बावन्न वर्षांची झाले, अजून समुद्र पाहिला नाही.'

यावर नाही कोण म्हणणार? दहा मिनिटांत तिची पिशवी तयार. दोन सुती साड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि काठोकाठ भरलेली ती कॅन.

'आई, अगं तिकडं तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी काय करायचंय?'

'पडत असंल. प्यायचं कुठं मिळंल, काय भरवसा?'

मी कॅन बाहेर काढली. तिनं परत आत ठेवली. असं तीनदा झालं, मग मी नाद सोडला.

आमच्याकडची छत्री उन्हाची

आमच्या घरात माणसं तीन आणि छत्री एक. तीही बाहेर निघते ती एप्रिल-मेमध्ये, बाजारात जाताना ऊन लागू नये म्हणून. लातूरला वर्षभरात सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नांदेडला थोडा जास्त. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तेवढा पाऊस एकट्या जुलैत पडून जातो! त्यामुळे रेनकोट, रेनकव्हर, फ्लोटर्स वगैरे शब्द आमच्याकडे पुण्याला शिकायला गेलेली पोरं घेऊन येतात.

बाकी आमचा पाऊस लहरी. आला नाही तर येतच नाही आणि आला की सोडत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात असा कोसळला, की गावात पाणी शिरून माणसं गेली. सप्टेंबरात अख्ख्या मराठवाड्यातली उभी पिकं पाण्याखाली होती. पण आईच्या डोक्यात वर्ष एकच आहे. २०१६.

त्या वर्षी मी बारावीला होते. 'लातूर पॅटर्न'चं ते सगळ्यात टेन्शनचं वर्ष. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती. परीक्षेला जाताना लोक पेनं मोजतात, आम्ही घागरी मोजायचो. मग १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, ती थेट ऑगस्टपर्यंत. देशभरातले चॅनेलवाले स्टेशनवर. मला मास कम्युनिकेशनचं वेड लागलं ते तिथंच, खोटं कशाला बोलू! पण आई काही स्टेशनवर आली नाही. ती टँकरच्या रांगेत होती.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता धरण भरलं. आईची कॅन मात्र तेव्हापासून कधी रिकामी राहिली नाही.

रस्ता एकच, पाणी उलटं

गंमत बघा. आमच्या लातूरवरून जाणारा मोठा रस्ता हा नागपूर-रत्नागिरी महामार्ग. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर... आणि टोकाला समुद्र. लहानपणापासून ज्या रस्त्यावर ट्रक मोजले, तोच समुद्राला जातो हे मला गाडीत बसल्यावर मॅप उघडला तेव्हा कळलं. लातूरहून जवळपास पाचशे किलोमीटर.

आणि याच वाटेवर मिरज. पाणी ज्या दिशेनं आमच्याकडे आलं, त्याच्या उलट दिशेनं आम्ही निघालो होतो.

मिरज सोडलं की अंकलीजवळ कृष्णेवरचा पूल लागतो. नदी दोन्ही थडी भरून चालली होती, चहासारखी तांबडी. आईनं विचारलं, 'हेच का ते पाणी?'

'हेच. कृष्णेचंच.'

पुलावर गाडी थांबवता येत नाही. मैत्रिणीनं फक्त वेग कमी केला. आईनं काच खाली घेतली आणि हात जोडले. पाऊस आत आला, सीट भिजली, माझी मांडी भिजली. कुणी काही बोललं नाही.

रात्री कोल्हापुरात मुक्काम केला. हा सल्ला आधीच देऊन ठेवते : आंबा घाट पावसाळ्यात दिवसाच उतरा. धुकं असं दाटतं, की पुढच्या गाडीचे दिवेच काय ते दिसतात आणि दरडीचे दगड कधी रस्त्यावर येतील याचा नेम नाही. पंचगंगेला पूर असेल तर कोल्हापूरच्या आसपासचे रस्ते बंदही होतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघायचाच. यलो असेल तर जपून. ऑरेंज असेल तर बेत पुढे ढकलायची तयारी ठेवा. रेड असेल तर गुपचूप घरी बसा, भजी घरीही होतात! २०२१ च्या जुलैत चिपळूण कसं बुडालं ते सगळ्यांनी पाहिलंय. ट्रेननं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या हळू धावतात, त्यामुळे सुटायच्या-पोचायच्या वेळा बदलतात.

पहिल्या दिवशी नापास

आमचा मुक्काम आरे-वारेच्या किनाऱ्यापासून थोडं आत, एका कौलारू घरात. घरच्या काकू दोन खोल्या पाहुण्यांना देतात. दुपारी पोचलो, सामान टाकलं आणि समुद्रावर पळालो. वीस मिनिटांत आमचं सगळं पॅकिंग उघडं पडलं.

माझी तीन घड्यांची नाजूक छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली, दुसऱ्या वाऱ्यात काड्या सुटल्या, तिसऱ्यात मीच ती गुंडाळून बगलेत मारली. किनाऱ्यावर पाऊस वरून पडत नाही हो, आडवा येतो! मैत्रिणीची जीन्स भिजून दोन किलोची झाली आणि परत निघेपर्यंत वाळली नाही. तिचे पांढरे कॅनव्हासचे शूज लाल चिखलानं असे रंगले, की शेवटी तिथंच ठेवून आलो. माझ्या सॅकला रेनकव्हर होतं, पण पाणी पाठीच्या बाजूनं झिरपलं आणि आतले सगळे कपडे ओले. जाडजूड टर्किश टॉवेल दुसऱ्या दिवशी कुबट वास मारायला लागला. चामड्याच्या पाकिटावर तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. आईची कडक भाकरी? एका रात्रीत पुरणपोळीसारखी मऊ. चटणीतलं मीठ ओघळलं. काडेपेटीतली एक काडी पेटेल तर शपथ!

फक्त आई कोरडी होती. तिनं काकूंची जुनी, लाकडी मुठीची लांब छत्री मागून घेतली होती, साडी घोट्याच्या वर खोचली होती आणि पायात रबरी सँडल. नो गूगल, नो टेन्शन.

मग न्यायचं तरी काय?

संध्याकाळी काकूंनी आमची शिकवणी घेतली. त्यांच्या कोठीच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, 'तुम्ही चार दिवसांची बॅग भरता, आम्ही चार महिन्यांची भरतो.' मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, कोकणात ही बेगमी होते. तिला म्हणतात आगोट. फळीवर आमसुलं, फणसाची साठं, कुळीथ, मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत. सुकी मासळी वेगळ्या डब्यात. वाळलेली लाकडं आत रचलेली. पडवीला बाहेरून झावळ्यांची झापं बांधलेली, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. फंडा एकच : पाऊस थांबेल या आशेवर काहीही ठेवायचं नाही.

हाच फंडा आपल्या बॅगेला लावा.

कपडे पातळ आणि पटकन वाळणारे. जीन्स घरी. ट्रॅक पँट, सिंथेटिक टी-शर्ट, एखादी ओढणी. रंग जाणारे कपडे नकोत, नाहीतर परत येताना सगळंच गुलाबी! टर्किश टॉवेलऐवजी साधा पंचा. पिळला की अर्ध्या तासात परत वापरता येतो. कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे न्या, कारण पंख्याखालच्या जागेसाठी घरात भांडणं होतात.

पायात चामडं नको, कॅनव्हास नको आणि गुळगुळीत तळव्याची स्लीपर तर मुळीच नको. कोकणातल्या पाखाड्या जांभ्या दगडाच्या, पावसात त्यांवर हिरवं शेवाळ चढतं. तिथं घसरलात तर सुट्टी प्लास्टरमध्ये. मागून पट्टा असलेले, तळाला खाचा असलेले रबरी सँडल घ्या. शूज न्यायचेच असतील तर रात्री आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. (आम्हा पत्रकारांच्या कामाचा हा एक नक्की उपयोग!)

बाईकवर किंवा वाऱ्यात फिरायचं असेल तर जॅकेट-पँटचा रेनकोट. गावात फिरायला लांब दांड्याची छत्री. फोल्डिंग छत्री ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच शोभते.

सॅकला बाहेरून कव्हर असलं तरी आतून मोठी जाड पिशवी लावा आणि सगळे कपडे तिच्यात भरा. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पातळ कॅरीबॅगना परवानगी नाही आणि त्या वापरू पण नयेत. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, झिपवाले पाऊच, जुने चेनवाले कव्हर हे सगळं चालतं. नवीन बूट-पर्सच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात ना, त्या फेकू नका. कॅमेऱ्याच्या बॅगेत टाका. आणि फोन भिजला तर तांदळात पुरण्यापेक्षा आधी बंद करा, पुसा आणि हवेवर ठेवा. लगेच चार्जिंगला तर अजिबात लावू नका.

लाइट जातात. कधी तासभर, कधी रात्रभर. पॉवर बँक भरलेली हवी आणि फोनच्या टॉर्चवर न विसंबता हातात धरायची बॅटरीही हवी. अंधारात अंगणात उतरताना पायाखाली आधी उजेड टाकायचा, पावसात साप कोरडी जागा शोधत येतात. नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं, म्हणून रोख पैसे ठेवा, तेही प्लास्टिकच्या पाऊचमध्ये.

औषधांत डासांचं मलम, ओआरएस, बँडेज आणि फंगसची पावडर. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका. परत आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना कोकणात गेलो होतो हे आवर्जून सांगा, म्हणजे ते लेप्टोचा विचार करतील.

समुद्र बघायचा, शिरायचं नाही

स्विमिंग कॉस्च्युम? घरीच ठेवा. जुलैतला समुद्र हा फोटोतला निळा समुद्र नसतो. तो मातकट असतो, गरजतो आणि खेचतो. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यांवर धोक्याच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत, दरवर्षी त्या न वाचणारे कुणीतरी जीव गमावतात. भरतीची वेळ विचारून घ्या आणि खडकांवर सेल्फीला जाऊ नका. सिंधुदुर्ग, जंजिरा किल्ल्यांच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, तारकर्लीचं स्कूबाही. यंत्रबोटींची मासेमारी जून-जुलैत बंद, त्यामुळे ताजा पापलेट मागून यजमानांना अडचणीत टाकू नका. खाडीची मासळी मिळाली तर नशीब. नाहीतर गरम भात, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी. माझ्या ज्वारीप्रेमी आईनं दोनदा मागून घेतली, यातच सगळं आलं.

आई पहिल्या संध्याकाळी समुद्रापुढे बराच वेळ उभी होती. मला वाटलं काहीतरी भारी बोलेल. ती म्हणाली, 'एवढं सगळं खारट?'

पागोळ्यांखालची बादली

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खडखडाट झाला म्हणून मी उठले. बाहेर धो धो पाऊस. पडवीत आई. कौलांवरून पागोळ्या पडत होत्या आणि त्यांच्याखाली ओळीनं बादली, दोन तपेली, कळशी, आमच्या डब्यांची झाकणं! एक भरलं की दुसरं सरकवायचं चाललेलं.

'आई, काय करायलीस?'

'किती पाणी वाया चाललंय गं...'

काकू उठून आल्या आणि हसायला लागल्या. 'अहो ताई, विहीर काठोकाठ भरलीय. वाहू दे की!'

'वाहू दे कसं म्हणता हो?' आईचा आवाज चढला. 'आमच्याकडं यासाठी रेल्वे आणावी लागली.'

काकूंचं हसू थांबलं. त्या तिथंच पायरीवर टेकल्या. मग म्हणाल्या, 'मे महिन्यात या ताई. ह्याच विहिरीचा तळ दाखवते. आमच्या वाडीलाही टँकर येतो.'

मला खरं वाटेना. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात टँकर? पण हे खरं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरनं पाणी द्यावं लागतं. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची पट्टी अरुंद, उतार मोठा, नद्या आखूड. जांभा दगड सच्छिद्र, त्यात पाणी मुरतं पण टिकत नाही. जुलैत पडलेलं बघता बघता त्या खारट समुद्रात जातं. लातूरला पाऊस पडत नाही म्हणून टँकर आणि इथं पडलेला थांबत नाही म्हणून टँकर.

त्यानंतर दोघींची जी मैफल जमली! टँकरचा हॉर्न कुठून ऐकू येतो, पाइप आधी कुणाच्या ड्रममध्ये जातो, कोण शेजारीण हंडे मध्ये घुसवते, रात्री दोनला पाणी आलं तर कुणाला उठवायचं. पाचशे किलोमीटर लांबच्या दोन बायका, पण गाऱ्हाणं अगदी सारखं. चहा होईपर्यंत तपेली सगळी भरली होती. काकूंनी ते पाणी ओतू दिलं नाही. त्याच पाण्यानं भांडी घासली गेली.

निघताना आईनं पिशवीतून दोन किलो तूरडाळ काढून काकूंच्या हातात ठेवली. लातूरची डाळ. मला माहीतही नव्हतं तिनं ती कधी भरली. काकूंनी आमसुलं आणि फणसाची साठं बांधून दिली. पावसाळ्यात ज्यांच्या घरी राहाल, त्यांच्यासाठी आपल्या गावची एक टिकाऊ वस्तू न्या. हॉटेलच्या टिपेपेक्षा ती जास्त लक्षात राहते.

कॅन? ती तशीच परत आली, झाकणही न उघडलेली. हजार किलोमीटर फिरून आलेलं मांजऱ्याचं पाणी. मी मोरीत ओतायला निघाले, तर आईनं हातातून घेतली आणि गच्चीवरच्या कुंड्यांना घातलं. मग कॅन विसळली आणि पुन्हा भरून ठेवली. आणि मला म्हणाली, 'गच्चीचं पाणी खाली टाकीत सोडायला पाइप लावायला किती खर्च येतो, विचार जरा.' मी विचारलंय. पाइप येत्या मेमध्ये लागणार आहे.

बॅग भरताना : झटपट चेकलिस्ट

हे घ्या : पटकन वाळणारे कपडे (रोजचा एक जोड जास्त), पंचा, पट्ट्याचे रबरी सँडल, रेनकोट, लांब छत्री, सॅकच्या आत लावायची जाड पिशवी, झिपवाले पाऊच, दोरी-चिमटे, जुनी वर्तमानपत्रं, बॅटरी, पॉवर बँक, रोख पैसे, डासांचं मलम, ओआरएस, रोजची औषधं, यजमानांसाठी भेट.

हे ठेवा घरी : जीन्स, चामड्याच्या वस्तू, कॅनव्हासचे शूज, फोल्डिंग छत्री, जाड टॉवेल, स्विमिंग कॉस्च्युम, कडक भाकरी.

आणि पाण्याची कॅन? आई सोबत असेल तर राहू द्या. वाद घालू नका.